आंबिलीचे बिंदगे

दिवाळीच्या फराळाचे डबे रिकामे होऊन महिना उलटतो न उलटतो तोच मोठ्या आत्याचा फोन येतो आणि तो दर वर्षी एकाच प्रश्नाने सुरू होतो : "औंदा येळवस कधी हाय?" तारीख तिला ठाऊक असते, कारण कॅलेंडरवरच्या त्या चौकोनाभोवती तिने नवे वर्ष लागतानाच लाल पेनाने गोल काढून ठेवलेला असतो. ती विचारते ते आम्ही भावंडांनी तारीख पाहिली आहे की नाही, रजा टाकली आहे की नाही, हे ताडून पाहण्यासाठी. मी पुण्याला नोकरी करतो, एक चुलत भाऊ हैदराबादला असतो, दोन बहिणी मुंबईच्या बाजूला आहेत. दिवाळीला प्रत्येकाचे आपापले घर आणि आपापले सासर असते, उन्हाळ्यात मुलांचे वर्ग असतात, लग्नकार्याला आलेले लोक जेवून परत जातात. औसा तालुक्यातल्या आमच्या घरात चारही पिढ्या एका छपराखाली दोन-तीन रात्री झोपतात त्या फक्त हिवाळ्यात, येळवशीला.

बाहेरच्या वाचकांसाठी एवढे सांगायला हवे की येळवस म्हणजे मार्गशीर्ष अमावास्या. लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांत आणि कर्नाटकाला लागून असलेल्या पट्ट्यात या दिवशी गावे रिकामी होतात आणि माणसे शेतात जेवायला जातात. छापील मराठीत त्याचे ‘वेळ अमावास्या’ असे रूप झाले आहे, पण या दिवसाचा घड्याळातल्या वेळेशी काही संबंध नाही. उत्तर कर्नाटकात हाच दिवस ‘एळ्ळ अमावास्ये’ म्हणून पाळतात आणि कन्नडमध्ये ‘एळ्ळु’ म्हणजे तीळ. सीमेवरच्या माणसांनी सणाबरोबर शब्दही उचलला आणि आपल्या जिभेला सोसेल असा करून घेतला. आमच्या भागात त्या दिवशी स्थानिक सुट्टी असते, बाजारपेठा बंद असतात आणि लातूर शहरातले एरवी गजबजलेले रस्तेसुद्धा दुपारी मोकळे पडतात.

पुण्यातल्या कार्यालयात ही सुट्टी नसते आणि मला रजेच्या अर्जात कारण लिहावे लागते. अधिक महिन्यामुळे या सणाची तारीख मागेपुढे सरकते, हे मला या अर्जांमुळेच नीट कळले. 2022 साली येळवस 23 डिसेंबरला होती. पुढच्या वर्षी अधिक श्रावण आला आणि ती 11 जानेवारी 2024 वर गेली, म्हणजे 2023 या इंग्रजी वर्षात येळवस झालीच नाही. त्याची भरपाई म्हणून की काय, 2024 मध्ये ती दोनदा आली, कारण पुढची अमावास्या 30 डिसेंबरला पडली. एकाच सणासाठी एकाच वर्षात दुसऱ्यांदा रजा मागणारा माझा अर्ज पाहून वरिष्ठांनी मला बोलावले आणि अतिशय सौम्यपणे विचारले की हा सण जानेवारीत झाला होता ना? मी त्यांच्यापुढे अधिक महिन्याचे गणित मांडले, मग भज्जीचे वर्णन केले. भज्जीपाशी पोहोचेपर्यंत रजा मंजूर झाली होती आणि एक डबा आणण्याचे मी कबूल करून बसलो होतो.

ती 30 डिसेंबरची येळवस आमच्या घरात आणखी एका कारणासाठी लक्षात राहिली आहे. धाकट्या काकांच्या मुलीचे लग्न त्याच वर्षी उन्हाळ्यात झाले होते आणि नवे जावई पहिल्यांदाच येळवशीला येणार होते. ते डोंबिवलीला वाढलेले. शेत म्हणजे त्यांच्यासाठी रेल्वेच्या खिडकीतून दिसणारी गोष्ट. ते यायच्या आधी ओसरीवर नवी सतरंजी अंथरली गेली, स्नानगृहातला बल्ब बदलला आणि आजीने सगळ्या मुलांना बजावले की जावयांसमोर दंगा करायचा नाही. ते आले, आजीच्या पाया पडले आणि आजी म्हणाली, "जावईबापू, तुम्ही वर खुर्चीवर बसा." त्यानंतर दिवसभर ते त्या खुर्चीवर बसून होते. त्यांना तिथे किती अवघडल्यासारखे होत होते, हे त्यांनी फार नंतर सांगितले. आजूबाजूला सतरा-अठरा माणसे काही ना काही करत आहेत आणि आपल्या हातात फक्त चहाचा कप आहे, तोही चौथा.

त्यांची सुटका संध्याकाळी झाली. आदल्या रात्री शेंगा सोलण्याचा कार्यक्रम असतो आणि खरे सांगायचे तर माझ्या लेखी येळवशीचा निम्मा आनंद या रात्रीतच आहे. भज्जी म्हणजे तळलेली भजी नव्हेत. तुरीचे हिरवे दाणे, वाटाणा, वाल, हरभऱ्याचे सोलाणे, भुईमुगाचे दाणे, मेथी, चुका, कांद्याची पात, गाजर, वांगे, बोरे, असे त्या मोसमात रानात जे जे हिरवे असेल ते सगळे ताक, चिंच आणि हरभऱ्याच्या पिठात शिजवून, वर लसूण-मिरचीचा सणसणीत ठेचा घालून केलेला तो दाट प्रकार असतो. चाळीस-पन्नास माणसांच्या भज्जीसाठी शेंगांची पोती लागतात आणि पोत्यातली प्रत्येक शेंग कुणाच्या तरी अंगठ्याखालून जावी लागते. मिक्सरने किंवा कुकरने हे काम हलके करण्याची सोय अजून तरी निघालेली नाही. म्हणून माजघरात मोठी ताडपत्री पसरतात, मधोमध शेंगांचा ढीग ओततात आणि वाकळी पांघरून सगळे भोवती बसतात.

बालाघाटाच्या पठारावरची डिसेंबरची रात्र असते, दाराच्या फटीतून वारा येत असतो आणि हात मात्र वाकळीबाहेर ठेवणे भाग असते. तुरीची शेंग चिवट असते. ती टोकाकडून दाबली तर उघडत नाही, शिरेवर नख रोवून पिळावी लागते, मग आतले दाणे एकदम सुटतात आणि त्यांतला एखादा हमखास समोरच्याच्या अंगावर उडतो. हरभऱ्याचे घाटे सोपे, अंगठ्याने दाबले की फट्ट आवाज करून फुटणारे, म्हणून लहान मुले ते आधी पळवतात. पण घाट्यांवर आंब असते. हरभऱ्याच्या पानांवर आणि घाट्यांवर साठणारा तो आंबट द्रव बोटांना लागतो, नखाजवळ कुठे कातडे निघाले असेल तर तिथे चुरचुरतो, आणि मुले बोटे चाटत चाटत निम्मे सोलाणे पोटात घालतात. थोरले काका दर पाच मिनिटांनी कुणातरी एकावर नजर रोखून विचारतात, "सोलायलास का खायलास?" आणि ज्याला विचारले तो सोडून बाकी सगळ्यांचे हात भराभर चालू लागतात.

जावई खुर्चीवरून उतरून केव्हा ताडपत्रीवर आले ते कुणी पाहिले नाही. मला दिसले तेव्हा त्यांच्या मांडीवर माझी पाच वर्षांची पुतणी बसली होती आणि ती त्यांना तुरीची शेंग कशी पिळायची ते शिकवत होती. त्यांच्या पुढ्यातल्या वाडग्यात वीस-पंचवीस दाणे होते. शेजारी माझी आई होती, तिचे पातेले भरत आले होते, आणि ती बोलता बोलता, त्यांच्याकडे न बघता, आपल्या पातेल्यातली एक ओंजळ मधूनमधून त्यांच्या वाडग्यात टाकत होती.

त्या ताडपत्रीभोवती ज्या गोष्टी निघतात त्या एरवी निघत नाहीत. हात गुंतलेले असले आणि डोळे शेंगांवर असले की माणूस मोकळे बोलतो, असे मला वाटते. एकमेकांसमोर बसून, एकमेकांकडे पाहत जे विचारता येत नाही ते खाली मान घालून विचारता येते. धाकट्या काकांनी आपल्या थोरल्या भावाला विहिरीच्या मोटारीचे पैसे मागितले ते अशाच एका रात्री, आणि थोरल्या काकांनी "देतो की" म्हटले तेही शेंग सोलतच. मग आत्याने आपल्या लग्नातली गोष्ट काढली. तिच्या वरातीचा बैल हळद लागलेल्या पाहुण्याची टोपी चावून बसला होता. ही गोष्ट आम्ही प्रत्येक वर्षी ऐकतो. प्रत्येक वर्षी टोपीचा रंग वेगळा असतो आणि रंग चुकला म्हणून आजी प्रत्येक वर्षी हरकत घेते.

पहाटे तीनला चूल पेटते. पूर्वी या वेळी फक्त बायका उठत. आजी, तिच्या जावा, मग आई आणि काकू, यांनी अख्खी रात्र चुलीपुढे काढायची आणि सकाळी शेतात सगळ्यांना वाढून शेवटी जेवायचे, अशी जुनी रीत होती, आणि त्या रीतीत सणाची गोडी कुणाच्या वाट्याला किती येत होती हा प्रश्न विचारायला आम्हाला फार वर्षे लागली. आता चुलवण पेटवणे, मोठे पातेले चढवणे आणि उतरवणे, बाजरीचे पीठ मळणे ही कामे आम्ही भाऊ करतो. उंडे वळण्यात आमचा हात अजून बसलेला नाही. काकूंचे उंडे लिंबाएवढे एकसारखे असतात, आमच्यांतले काही पेरूएवढे होतात आणि मधे कच्चे राहतात. काकू ते मुकाट्याने मोडून पुन्हा वळतात.

सहाच्या सुमाराला अंगणात तांब्याचा बंब धगधगू लागतो. जळणाला तुराट्या असतात, त्या चटचट वाजत पेटतात आणि लगेच विझतात, म्हणून एक जण तिथे कायम बसून राहावा लागतो. हे काम मिळवण्यासाठी मुलांमध्ये चढाओढ असते, कारण बंबाजवळ ऊब असते आणि जो तुराट्या घालतो तो रांग ठरवतो. त्या वर्षी पुतण्याने रांग वयाने न लावता शेंगा किती सोलल्या त्यावर लावली आणि थोरल्या काकांचा नंबर चौदावा आला. काका खांद्यावर टॉवेल टाकून गारठ्यात उभे राहिले, पण रांग मोडून पुढे गेले नाहीत.

आंबील मात्र आदल्या दिवशीच घातलेली असते. ज्वारीचे पीठ ताकात कालवून ते आंबू देतात, मग शिजवून, लसूण-जिऱ्याची चव लावून ती मातीच्या बिंदग्यात भरतात. बिंदगे म्हणजे घागरीसारखे मडके. त्याला चुना आणि काव लावून पट्टे ओढतात, तोंडावर स्वच्छ फडके बांधतात, आणि घरातल्या एका पुरुषाने अंगावर काळी घोंगडी घेऊन ते डोक्यावरून शेतापर्यंत न्यायचे असते. ट्रॅक्टर आहे, मोटारसायकली आहेत, बाकी सगळे सामान त्यांवरूनच जाते, पण बिंदगे पायी जाते. आमच्या शेताचा रस्ता दोन किलोमीटरचा आहे आणि मधे ओढा लागतो.

इतकी वर्षे बिंदगे थोरले काका नेत. त्या वर्षी त्यांची मान दुखत होती. मी पुढे झालो, हैदराबादचा भाऊ पुढे झाला, आणि आमच्यात कुणी न्यायचे याची बोलणी चालू असतानाच आजी आतून बाहेर आली. तिने हातात आपल्या जुन्या लुगड्याच्या पट्टीची घट्ट वळलेली चुंबळ धरली होती. ती सरळ जावयांपाशी गेली आणि म्हणाली, "जावईबापू, वाका जरा." काकू म्हणाल्या, "अहो, ते पाहुणे हायेत, त्यांना कशाला?" आजीने उत्तर दिले नाही. त्यांच्या डोक्यावर चुंबळ ठेवली, घोंगडी पांघरली, आणि आम्ही दोघांनी मिळून बिंदगे उचलून वर ठेवले.

त्यांची चाल मी शेजारून पाहत होतो. पहिली शंभर पावले त्यांनी श्वास धरून टाकली. मडक्यातली आंबील पावलागणिक डुचमळते आणि तो हेलकावा मानेत उतरतो. त्याच्याविरुद्ध मान ताठ धरली तर तो वाढतो, त्याच्याबरोबर कमरेतून थोडे हलले की तो शमतो. हे त्यांना कुणी सांगितले नव्हते. ओढ्याच्या अलीकडे कुठेतरी त्यांच्या पावलांना ते आपोआप उमगले आणि चाल बदलली. मुले त्यांच्या पुढेमागे धावत होती, बांधाबांधावरून दुसऱ्या घरांची बिंदगी चालली होती. ओढ्यात मात्र दगड हलला, त्यांचा तोल गेला, फडक्याच्या कडेने आंबील उसळून घोंगडीवरून खाली सदऱ्यात ओघळली. त्यांनी दोन्ही हातांनी बिंदगे घट्ट धरले आणि तसेच उभे राहिले, पांढरेफटक. मागून येणारी आजी काठी टेकत ओढ्याच्या काठाला थांबली आणि म्हणाली, "सांडली तर सांडली, आपल्याच रानाच्या वाटंवर सांडली. चर तर शिंपायचाच हाय."

शेतात ज्वारीच्या कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून कोप केलेली असते, बाहेरून शाल गुंडाळलेली. आत चुन्याने रंगवलेले पाच दगड पांडव म्हणून मांडतात, पूजा होते, नैवेद्य होतो, आणि मग आंबील आणि भज्जीचा चर उभ्या पिकावर शिंपडत शेताला फेरी घालतात. फेरीत जी आरोळी द्यायची तिचे शब्द गावोगावी थोडे बदलतात. आमच्याकडची सुरुवात "ओलगे, ओलगे" अशी होते. त्याचा अर्थ विचारला तर प्रत्येक काका वेगळा सांगतो, पण आरोळी सगळे एका सुरात देतात आणि दूरवरून दुसऱ्या शेतांतूनही तीच येत असते.

हा कडबा आदल्या वर्षीचा असतो आणि अलीकडे तो मागून आणावा लागतो. आमच्या भागात खरीप म्हणजे सोयाबीन झाले, रब्बीची ज्वारी कमी झाली, बांधावरच्या वालाचे वेल गेले, म्हणून भज्जीच्या शेंगांपैकी निम्म्या आता बाजारातून येतात. जानेवारी 2016 ची येळवस मला विसरता येत नाही. सलग दुष्काळाने रान उघडे पडले होते, चर शिंपायला उभे पीक नव्हते आणि पुढे एप्रिलमध्ये लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. तरी त्या वर्षीही कोप झाली होती आणि आजोबांनी, ते तेव्हा होते, नांगरलेल्या ढेकळांवर चर शिंपडला होता.

पीक असलेल्या वर्षी जेवणे लिंबाखाली होतात. भज्जी, उंडे, तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकरी, गव्हाची खीर, आणि पळीपळीने आंबील. येळवशीला वाटेवरून जाणाऱ्या कुणालाही, ओळखीचा असो वा नसो, "या जेवायला" म्हणून हाक मारतात आणि नाही म्हणता येत नाही. त्यामुळे आपल्या शेतात जेवल्यावर शेजारच्या शेतात जेवावे लागते, आणि तिथून तिसऱ्या. जावयांना सुरुवातीला वाटले की ही बोलण्याची पद्धत आहे. तिसऱ्या कोपीपाशी त्यांनी हळूच मला विचारले की आता फक्त आंबील प्यायली तर चालेल का? चालते. मात्र आंबिलीने झोप येते. परत आलो तेव्हा आमच्या लिंबाखाली अकरा माणसे ओळीने झोपली होती आणि पुतणी त्यांच्या पोटांवर एकेक बोर ठेवत चालली होती. झोपेत कुणाचे बोर आधी पडते ते तिला पाहायचे होते. थोरल्या काकांचे शेवटपर्यंत पडले नाही.

उन्हे कलल्यावर मातीच्या बोळक्यात दूध उतू घालवतात. ज्या दिशेला दूध जाईल त्या दिशेचे पीक पुढच्या साली चांगले, अशी आमच्याकडची समजूत आहे आणि थोरल्या काकांचे रान पूर्वेला तर धाकट्यांचे पश्चिमेला आहे. दोघे भाऊ दोन बाजूंना उकिडवे बसतात. धाकटे काका वारा अडवण्याच्या निमित्ताने हळूहळू सरकतात, थोरले काका एका बाजूचे जळण सारखे नीट करत राहतात, आणि आजी वरून दोघांवर लक्ष ठेवते. त्या संध्याकाळी दूध फुगले, काठाशी थरथरले आणि दक्षिणेला, विहिरीकडे, ओघळले. दोघांनी एकमेकांकडे पाहिले. विहीर सामाईक आहे. मोटारीचे पैसे थोरल्या काकांनी तिथेच काढून दिले.

अंधार पडताना मुलांनी हेंडगा पेटवला. कडब्याची पेटती पेंढी हातात घेऊन ती बांधावरून धावत सुटली आणि पाहता पाहता साऱ्या शिवारात असे उजेड इकडून तिकडे पळू लागले. आम्ही रिकामे बिंदगे, पातेली आणि पेंगुळलेली मुले ट्रॅक्टरमध्ये भरून घरी आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी शिळी भज्जी असते. रात्रभरात ती मुरते आणि ताज्यापेक्षा कितीतरी पटीने चांगली लागते, यावर आमच्या घरात कुणाचेही दुमत नाही. माझ्या वरिष्ठांचा डबा आईने आधीच भरून, कपड्यात बांधून ठेवला होता. पुण्याची बस नऊची होती, जावयांची गाडी त्यानंतरची. निघण्यापूर्वी जावई आजीला लुगड्याची ती पट्टी परत द्यायला गेले आणि नीट घडी करावी म्हणून चुंबळीचा पीळ सोडू लागले. आजीने ती त्यांच्या हातातून काढून घेतली आणि घोंगडीच्या शेजारच्या खुंटीवर अडकवली.

"राहू दे तशीच," ती म्हणाली. "तुझ्या डोक्याच्या मापाची झालीय ती."